मजलिस, माजघर आणि आमचा व्यवसाय

दसरा झाला की माझा फोन वाजू लागतो. "ताई, हॉलच्या एका भिंतीला कुठला रंग देऊ?", "वहिनी, पडदे आधी घ्यायचे की सोफा?", "फराळाला पंचवीस माणसं येणार आहेत, डायनिंग टेबल कुठे सरकवू?" या फोनांचा मला कंटाळा नाही. परक्या मुलुखात कुणीतरी हक्काने विचारतं, याचा आनंदच आहे. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. इंटिरिअर डिझायनर म्हणजे रंग, पडदे आणि उशा असा आपल्याकडे पक्का समज आहे.

प्रत्यक्षात माझ्या दिवसातला रंग-पडद्यांचा वाटा फार तर अर्ध्या तासाचा. बाकीचा वेळ एसीच्या डक्टची उंची, बाथरूमच्या फरशीचा उतार, आग लागली तर बाहेर पडायची वाट, सुताराचं कोटेशन आणि एका घरातल्या तीन पिढ्यांचं एकमत घडवणं यांत जातो.

मी ठाण्याची. मुंबईत इंटिरिअर डिझाइनची पदवी घेतली, चार वर्षं नोकरी केली आणि २०१२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे रियाधला आले. पहिली दोन वर्षं 'डिपेंडंट' म्हणून घरीच होते. मग इकामा बदलून घेतला आणि २०१४ पासून एका सौदी बाईंच्या स्टुडिओत काम करते आहे. या अकरा वर्षांत आमच्या व्यवसायाने कितीतरी वळणं घेतली. त्यातले आजचे प्रश्न इथे मांडते आहे, कारण ते फक्त डिझायनरांचे नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या, मुलांच्या शिक्षणाचे बेत आणि गावाकडचे फ्लॅट त्यात गुंतलेले आहेत.

दोन दारांचं घर

सौदी घराला बहुधा दोन दारं असतात. एक पाहुण्या पुरुषांचं, थेट मजलिसमध्ये उघडणारं, आणि दुसरं घरच्यांचं. मजलिसला लागून हात धुवायच्या बेसिनांची जागा असते, तिला मगासिल म्हणतात. तिच्याशेजारी पाहुण्यांच्या जेवणाची खोली, ती मुकल्लत. पाहुणा येतो, बसतो, कहवा घेतो, जेवतो, हात धुतो आणि निघतो. तेवढ्या वेळात घरातल्या बायकांच्या वावरण्यात कुठेही खंड पडत नाही. बायकांची मजलिस वेगळी, आतल्या बाजूला. स्वयंपाकघरंही बऱ्याचदा दोन. एक दाखवायचं, दुसरं राबायचं. खिडकी काढताना उजेडाइतकाच विचार शेजाऱ्याच्या नजरेचा करावा लागतो.

नवीन आलेल्या डिझायनरला हे सगळं विचित्र वाटतं. मला तितकं वाटलं नाही, कारण माझं आजोळ वाड्याचं. ओसरीवर लोड-तक्क्यांची बैठक, तिथे पुरुषांच्या गप्पा आणि हिशेब. माजघराच्या उंबऱ्याआत परका पुरुष येत नसे. बायकांची ये-जा परसदारातून. आपला 'तक्क्या' आणि 'दिवाणखाना' हे शब्दही अरबी-फारसीच्याच वाटेने मराठीत आलेले आहेत. मजलिसमध्ये मांडी घालून बसले तेव्हा भाषा कळत नव्हती, बैठक मात्र कळत होती. सौदी अरेबिया, अमिराती, ओमान आणि कतार या चार देशांची मजलिस २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. यादीत गेली ती खोली म्हणून नव्हे, माणसांनी एकत्र बसण्याची रीत म्हणून. आमच्या कामाचं मर्मही त्यातच आहे.

२०१४ मध्ये बाईमाणूस असणं ही माझी व्यवसायातली मोठी सोय होती. पुरुष डिझायनर घरमालकाशी बोलायचा, घरमालक आत जाऊन बायकोला विचारायचा आणि निरोप बाहेर यायचा. तोवर निम्मी गरज वाटेतच सांडलेली असायची. मी थेट आत जाऊ शकत होते. उत्तर रियाधमधल्या एका घराचं उदाहरण देते. परदेशी सल्लागाराने काढलेल्या नकाशात बैठकीच्या खोलीला अंगणाकडे पूर्ण काचेची भिंत होती. चित्रात ती फार देखणी दिसत होती. घरातल्या आजी त्या कागदाकडे बघून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला आपल्या खुर्चीपाशी नेलं आणि हाताने दाखवलं: इथे बसून मला फाटक दिसलं पाहिजे, पण फाटकातून मी दिसता कामा नये. काचेच्या जागी आम्ही लाकडी जाळी बसवली.

ती युक्ती काही आमची नव्हती. जेद्दाच्या जुन्या शहरातल्या, अल-बलदमधल्या घरांना बाहेर झुकलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात, त्यांना रोशन म्हणतात. वारा आत येतो, नजर आत येत नाही. २०१४ मध्ये या जुन्या जेद्दाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या रोशनांसाठी लागणारं सागवान समुद्रमार्गे हिंदुस्थानातून आणि आग्नेय आशियातून येत असे. म्हणजे या देशाच्या घरसजावटीशी आपला संबंध इकाम्यापेक्षा बराच जुना आहे.

नियम बदलले, भिंती हलल्या

आपल्यातल्या जुन्या मंडळींना इथली २०१५ ची उपाहारगृहं आठवत असतील. 'सिंगल्स'चं दार वेगळं, 'फॅमिली'चं वेगळं, आत प्रत्येक टेबलाभोवती पडदा नाहीतर लाकडी आडोसा. डिसेंबर २०१९ मध्ये वेगळ्या प्रवेशद्वारांची सक्ती उठली. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये रियाधला चित्रपटगृह सुरू झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये बायका गाडी चालवू लागल्या. वर्तमानपत्रांनी याला सामाजिक बदल म्हटलं. आमच्याकडे तो बदल नकाशा बनून आला. आडोसे काढा, दोन काउंटरांचं एक करा, उरलेल्या जागेत टेबलं बसवा.

सगळ्यात मोठं काम निघालं ते कार्यालयांत. २०१७ च्या सुमारास नोकरी-व्यवसायात असलेल्या किंवा नोकरी शोधणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत होतं, ते पुढच्या काही वर्षांत ३० टक्क्यांच्या वर गेलं. या बायका बसणार कुठे? जुन्या इमारतींत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, नमाजाची वेगळी खोली नव्हती. मजल्यामजल्यावर पाइपलाइन फिरवून ते सगळं करताना आमची दोन वर्षं गेली. दिसायला ते काम अजिबात आकर्षक नव्हतं आणि कुठल्याही मासिकात त्याचे फोटो आले नाहीत. पण माझ्या आयुष्यातलं सर्वांत उपयोगी काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी त्या स्वच्छतागृहांकडे बोट दाखवीन.

मीही तेव्हा गाडी शिकले. त्याआधी साइटवर जायला ड्रायव्हरची वाट पाहण्यात सकाळ जायची. आता सकाळी सातला साइट गाठते आणि सुतार यायच्या आत मापं घेऊन ठेवते.

चित्र आधी, घर नंतर

आता अडचणींकडे येते. पहिली अडचण आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. पूर्वी गिऱ्हाईक मासिकातलं कात्रण आणायचं, मग पिंटरेस्ट आलं आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं आली. चार ओळी लिहिल्या की अर्ध्या मिनिटात राजवाडा तयार. ज्या चित्रासाठी आमच्या ऑफिसात एक मुलगा तीन दिवस बसायचा, ते गिऱ्हाईक आता नाश्त्याच्या टेबलावर बनवून आणतं आणि म्हणतं, "असंच हवं. डिझाइन तर झालंच आहे, तुम्ही फक्त करून द्या."

अशा एका चित्रात पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच होती. रियाधच्या जुलैत दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या काचेजवळ उभं राहून बघा, म्हणजे कळेल. त्याच चित्रात जिन्याच्या पायऱ्या वर जाताना अरुंद होत गेल्या होत्या, झुंबर कशालाही टांगलेलं नव्हतं आणि एसीचा मागमूस नव्हता. दुसऱ्या एका चित्रातली खिडकी ज्या बाजूला होती, तिथे शेजाऱ्याची भिंत दोन मीटरवर आहे. चित्राला शेजारी नसतो. घराला असतो.

चित्राला हवामानही नसतं. रियाधची हवा इतकी कोरडी की दमट मुलुखातलं लाकूड इथे आलं की आक्रसतं. गावाहून हौसेने आणलेल्या सागवानी चौरंगाचे सांधे पहिल्या हिवाळ्यात उघडल्याचं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. चौरंग वाईट नव्हता, हवा वेगळी होती. जेद्दाला याच्या उलट, तिथे खारी दमट हवा बिजागऱ्या खाते. म्हणून एकच कपाट दोन शहरांत दोन पद्धतींनी बनवावं लागतं. हे ज्ञान वीस-वीस वर्षं रंधा मारणाऱ्या सुतारांकडे आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या डिझायनरांकडे असतं.

या नव्या साधनांना माझा विरोध नाही. आम्हीही ती वापरतो. एका दिवसात दहा पर्याय दाखवता येतात, गिऱ्हाइकाच्या मनातलं लवकर कळतं. पण चित्र काढण्याच्या कष्टातून नवशिक्या मुलांना जे शिकायला मिळायचं, ते कसं मिळणार याची मला खरी काळजी आहे. जिना कागदावर दहा वेळा चुकल्याशिवाय पायरीची उंची हातात बसत नाही.

फुकटचं डिझाइन

दुसरी अडचण पैशांची. २०१६ मध्ये 'व्हिजन २०३०' जाहीर झालं, तेव्हापासून काम कमी पडलेलं नाही. जानेवारी २०२४ पासून सरकारी कंत्राटं हवी असतील तर परदेशी कंपन्यांना आपलं प्रादेशिक मुख्यालय सौदीत ठेवावं लागतं, म्हणून रियाधमध्ये नवी कार्यालयं उभी राहताहेत. २०३० चं एक्स्पो आणि २०३४ चा फुटबॉल विश्वचषक ठरलेला आहे, म्हणून हॉटेलं होताहेत. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्रो सुरू झाली, तिच्या स्थानकांभोवती दुकानं सजताहेत.

मग अडचण कसली? फिट-आउट करणारे बरेच कंत्राटदार म्हणतात, "काम आम्हाला द्या, डिझाइन फुकट." फुकट कधीच काही नसतं. ते पैसे प्लायवूडच्या जाडीतून, बिजागरीच्या दर्जातून आणि संगमरवराच्या बदललेल्या लॉटमधून वसूल होतात. आमच्याच एका कामात नमुना इटालियन दगडाचा दाखवला गेला आणि साइटवर आलेला माल दुसराच निघाला. तो परत पाठवायला आम्हाला सहा आठवडे भांडावं लागलं. डिझायनर कंत्राटदाराच्या पगारावर असता, तर तो कोणाच्या बाजूने भांडला असता? डिझायनरला वेगळी फी देण्याचं कारण एवढंच आहे की त्याने तुमच्या बाजूने उभं राहावं.

त्यात जुलै २०२० पासून व्हॅट ५ वरून १५ टक्के झाला. घरगुती गिऱ्हाइकाला तो पूर्ण सोसावा लागतो, म्हणून तो आधी आमच्या फीला कात्री लावतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपातून येणारा माल उशिरा येऊ लागला. जेवणाचं टेबल लग्नाआधी येणार होतं, ते बारशाच्या सुमारास आलं, असा विनोद आमच्या ऑफिसात चालायचा. आयात मालाला 'साबेर' या सरकारी प्रणालीवरचं प्रमाणपत्र लागतं, तेही वेळापत्रकात धरावं लागतं. याचा एक चांगला परिणाम झाला. दिवे, दगड आणि लाकूडकाम इथल्या इथे मिळवायची सवय आम्हाला लागली.

सही कोणाची?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्यावर आपल्या घराघरांत बोललं जातं. तो म्हणजे सौदीकरण. 'निताकत' हा शब्द २०११ पासून आपल्या कानांवर आहे. अभियांत्रिकी पदांवर पाच किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना २०२१ मध्ये त्यातली २० टक्के पदं सौदींना देणं बंधनकारक झालं. जुलै २०२४ मध्ये ते प्रमाण २५ झालं आणि पुढे ३० टक्के ठरलं. आमच्यासारख्या स्टुडिओतले आर्किटेक्ट आणि इंजिनिअर या हिशेबात येतात. दहाजणांत पूर्वी दोन सौदी लागत, आता तीन.

दुसरीकडे कागदपत्रांची चाळणीही बारीक झाली. सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सच्या नोंदणीसाठी पदवी लागते, डिप्लोमाधारक तंत्रज्ञ ठरतो. जानेवारी २०२५ पासून भारतातून नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांच्या शिक्षणाची आणि अनुभवाची पडताळणी आधीच होते. सौदी बिल्डिंग कोड आणि सिव्हिल डिफेन्सची मान्यता यांची अंमलबजावणी कडक आहे. दुकानाच्या पडद्याला आग किती लवकर लागेल, छतातला स्प्रिंकलर झाकला जातो आहे का, हे आता डिझायनरला ठाऊक असावंच लागतं. या कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. आगीत सापडलेल्या माणसाला फॉल्स सीलिंगचा नक्षीदारपणा उपयोगी पडत नाही.

दुकानं चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सुतारकामाची आणि पडद्यांची कितीतरी दुकानं वर्षानुवर्षं कागदावर सौदी मालकाची आणि प्रत्यक्षात आपल्याकडच्या माणसाची होती. याला इथे तसत्तुर म्हणतात. २०२० च्या कायद्याने त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रियालपर्यंत दंड आहे. फेब्रुवारी २०२२ पर्यंत व्यवहार नियमित करायला मुदत होती. ज्यांनी ती साधली, ते आज उजळ माथ्याने धंदा करतात.

आकड्यांमागे माणसं असतात. आमच्या ओळखीचे एक ड्राफ्ट्समन, कोल्हापूरकडचे, अठरा वर्षं इथे होते. त्यांनी काढलेलं ड्रॉइंग सुताराला समजावून सांगावं लागत नसे. हात त्यांचा, सही नेहमी दुसऱ्याची. पदवी नव्हती आणि जे काम त्यांचे हात करत ते आता संगणक झपाट्याने करतो. त्यांच्या कार्यालयाने या मार्चमध्ये त्यांना निरोप दिला. बायको आणि दोन मुलांसाठी महिन्याला प्रत्येकी ४०० रियालप्रमाणे शुल्क भरत, शाळेचं वर्ष पुरं करायचं म्हणून त्यांनी दोन महिने ताणून धरलं आणि मग सगळे परतले. त्यांच्या निरोपाच्या जेवणाला मी होते. ते रागाने काही बोलले नाहीत. "माझं ड्रॉइंग कुठेतरी उभं आहे," एवढंच म्हणाले.

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, आणि तरीही सौदीकरणाला अन्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही. महाराष्ट्रात स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य हवं, ही मागणी आपण लहानपणापासून ऐकत आलो. भूमिपुत्रांचा हक्क ठाण्यात न्याय्य आणि रियाधमध्ये अन्याय, असं कसं म्हणायचं? आणि ज्या मुली आमच्या शेजारी येऊन बसल्या, त्या कोणाच्या मेहेरबानीने आलेल्या नाहीत. जेद्दाच्या दार अल-हिकमासारख्या संस्थेत आणि रियाधच्या प्रिन्सेस नूरा विद्यापीठात त्या हाच विषय रीतसर शिकल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीला मी पहिलं वर्षभर साइटवर घेऊन फिरले. पायऱ्या मोजायला, सुताराशी बोलायला, "बुकरा, इन्शाल्ला" या उत्तरातला खरा दिवस कोणता हे ओळखायला शिकवलं. आज ती प्रकल्पप्रमुख आहे आणि माझ्या ड्रॉइंगवर तिची सही होते. घरातल्या आजींच्या मनातलं तिला माझ्यापेक्षा लवकर कळतं, कारण ती तशाच आजीच्या मांडीवर वाढली. बाथरूमचा उतार मात्र अजून मला विचारते.

आपली इथली जागा यापुढे अशीच राहणार. आधी रिकामी खुर्ची बघून आपण आलो, आता ज्याला काही शिकवता येतं तो टिकेल. ज्याच्याकडे फक्त वेग होता, त्याचा वेग यंत्राने घेतला.

नक्षी आणि नक्कल

चौथी गोष्ट जरा आनंदाची, तरी तिच्यातही खडा आहे. सौदी लोक पूर्वी घरासाठी फ्रेंच किंवा तुर्की थाट मागायचे. आता तरुण जोडपी म्हणतात, आमच्या आजोबांच्या घरासारखं करा. दिरियामधली मातीच्या विटांची अत-तुरैफ वस्ती २०१० पासून जागतिक वारसा आहे. नैऋत्येच्या असीर डोंगराळ भागात बायका पाहुण्यांच्या खोलीच्या भिंती भडक रंगांच्या भौमितिक नक्षीने रंगवतात. त्या कलेला अल-कत्त अल-असीरी म्हणतात, आणि २०१७ मध्ये तीही युनेस्कोच्या यादीत गेली. घरची बाई नात्यातल्या लहानमोठ्या बायकांना बोलावते आणि सगळ्या मिळून भिंत रंगवतात. म्हणजे या देशात अंतर्गत सजावट हा मुळात बायकांचाच व्यवसाय होता, फक्त त्याला व्हिजिटिंग कार्ड नव्हतं.

सौदी संस्कृती मंत्रालयाने २०२५ हे हस्तकलांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. ते योग्यच झालं. पण बाजारात चाललंय काय? नज्दी घरांतली हवा-उजेडाची त्रिकोणी भोकं एमडीएफमध्ये मशीनवर कापून प्रत्येक कॅफेच्या भिंतीला चिकटवली जातात. ती वाराही आणत नाहीत आणि उजेडही. असीरची नक्षी छापील वॉलपेपरवर मिळते. आपल्या वारलीचं हेच झालं. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हातून निघून ती चहाच्या कपावर आणि पलंगपोसावर आली. छापणाऱ्याला पैसे मिळाले, हात मागेच राहिला.

एका गिऱ्हाइकाला आम्ही समजावलं की मजलिसची एकच भिंत करा, पण ती असीरच्या रंगवणाऱ्या बाईंकडून करून घ्या. त्या मुलीला घेऊन आल्या आणि दहा दिवस राहिल्या. वॉलपेपरपेक्षा खर्च बराच जास्त आला. पण घरमालक आता प्रत्येक पाहुण्याला आधी त्या भिंतीपाशी नेतो आणि त्या बाईंचं नाव सांगतो.

गावाकडचा फ्लॅट

आता आपल्या घराकडे वळते. इथलं घर भाड्याचं, भिंतीला खिळा मारायलाही विचारावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये रियाधमधली भाडी पाच वर्षं न वाढवण्याचा निर्णय झाला, त्यामुळे काहींनी बऱ्याच वर्षांनी नवे पडदे शिवले म्हणे! पण आपला खरा खर्च होतो पुण्या-ठाण्या-नाशिकच्या फ्लॅटवर, आणि तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून.

भारतात १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टमुळे नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. 'इंटिरिअर डिझायनर' या नावाला असं कायद्याचं कुंपण नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संस्था १९७२ पासून चांगलं काम करते आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. महारेराकडे तुम्ही बिल्डरविरुद्ध जाऊ शकता, फर्निचर अर्धवट टाकून गेलेल्या माणसाविरुद्ध नाही. त्यामुळे सावधगिरी आपणच घ्यायची.

त्यासाठी चार गोष्टी सांगते. कोटेशन एकरकमी घेऊ नका. प्रत्येक कपाटाचं माप, प्लायवूडचा प्रकार, लॅमिनेट आणि बिजागऱ्यांचा ब्रँड लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के काम संपून महिना होईपर्यंत हातात ठेवा. 'ही भिंत पाडून हॉल मोठा करू' असं कुणी म्हटलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आणि सोसायटीचा लेखी होकार आल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका. आणि भिंती बंद होण्याआधी आतल्या वायरिंगचे आणि पाइपांचे फोटो मागवा. पुढे कधी गळती झाली तर ते फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात.

आणखी एक. त्या घरात आज राहतं कोण, याचा विचार करा. बहुधा आपले आईवडील. चकचकीत फरशी आणि उंच पलंग फोटोत छान दिसतात, पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना ते झेपत नाहीत. बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री पायाजवळ लागणारा मंद दिवा आणि बसल्या जागेवरून दार दिसेल अशी खुर्ची, एवढं तरी करा. रियाधच्या आजींना जे हवं होतं, तेच नाशिकच्या आजींनाही हवं असतं.

शिकणाऱ्यांसाठी

आपल्या मंडळातली तीन मुलं सध्या या विषयाचा विचार करताहेत. त्यांच्या आईवडिलांनी घाबरून जाऊ नये आणि हुरळूनही जाऊ नये. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा कोर्स करून परदेशात नोकरी, हे दिवस संपले. पूर्ण वेळाची पदवी घ्या. दर सुट्टीत सुताराच्या कारखान्यात आठ दिवस बसा. कुठल्याही देशात जाल तिथला अग्निसुरक्षेचा कोड वाचा. तो कंटाळवाणा असतो, म्हणूनच तो वाचलेल्याला किंमत असते. संगणक जे काढून देतो ते मोजून बघायची सवय लावा. आणि लोकांच्या घरी गेलात की आधी आजी कुठे बसतात ते पाहा.

इथे यायचं असेल तर अरबी शिका, लिहायला आणि वाचायलासुद्धा. आमच्या पिढीचं 'खलास', 'मिया मिया' आणि 'बुकरा' एवढ्यावर भागलं. तुमचं भागणार नाही.